उंदराने कुरतडलेलं पातं

पंख्यांच्या कारखान्यात आवाज तपासणाऱ्या बाईंचे कान इतके तिखट होते की नवरा मनातल्या मनात कुरकुरला तरी त्यांना ऐकू जाई, असं त्यांची नणंद म्हणायची. कारखान्याचे मालक एक परिषद ऐकून आले आणि त्यांच्या डोक्यात घुबड शिरलं. घुबड उडतं तेव्हा चाहूलही लागत नाही. आपला पंखा तसा फिरला पाहिजे.

त्यासाठी तज्ज्ञ आणले. त्यांनी आठ महिने घुबडाची पिसं भिंगाखाली धरली, भिंतभर आकृत्या चिकटवल्या. पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतच राहिला. बाई रोज वहीत लिहीत, ‘आवाज आहे.’

“तुमचे कान जुने झालेत,” तज्ज्ञ म्हणत.

एके दिवशी चाचणीला पाती कमी पडली, म्हणून बाईंनी गोदामातल्या टाकाऊ ढिगातून प्लास्टिकची तीन उचलून आणली. उंदरांनी त्यांची मागची कड कुरतडून पार करवतीसारखी केली होती. तीच बसवली आणि बटण दाबलं. वारा छान आला, आवाज आलाच नाही. बाईंना क्षणभर वाटलं, खरंच कान गेले.

मालक धावत आले. “घुबडाची कमाल,” तज्ज्ञ म्हणाले.

“उंदराची,” बाई म्हणाल्या आणि पातं पुढे केलं.

मालक घसा खाकरून म्हणाले, “बाई, उंदराचा पंखा कोण डोक्यावर टांगून घेईल? घुबडाने दिशा दाखवली. उंदराने नुसतं खाल्लं.”

खोक्यावर घुबड छापलं गेलं. तज्ज्ञांना मानपत्र मिळालं. उंदरांना गोदामात औषध मिळालं. बाईंनी त्या चाचणीची नोंद नेहमीसारखी केली. वही त्यांची होती, आणि वहीत खोटं लिहायची त्यांना सवय नव्हती.

पुढे शोधाच्या हक्काचा अर्ज गेला, तेव्हा सरकारी अधिकाऱ्याने मूळ वही मागवली. बाईच ती घेऊन मालकांबरोबर गेल्या. अधिकाऱ्याने पान उलटलं. “पात्यांचं काम : उंदीर, गोदाम नंबर दोन. हे उंदीर कोण? यांची सही लागेल.”

मालकांना घाम फुटला. “ते... आता हयात नाहीत.”

“मग वारसांची आणा,” अधिकारी म्हणाला आणि फाईल बांधून परत दिली.

बाई जिन्यापर्यंत गंभीर राहिल्या. मग मात्र कठड्याला धरून, पदर तोंडाला लावून, पोट दुखेपर्यंत हसल्या.