कोरडा वाघ

मित्रांनो, जरा हळू बोला. मी एक जुना माईक आहे, आणि मोठा आवाज कानावर पडला की मी अजूनही दचकतो. हसू नका. माईक म्हणजे ओरडणारा, असं तुम्हाला वाटत असेल. ओरडतो तो कर्णा! मी आपला ऐकतो आणि ऐकलेलं जसंच्या तसं पुढे देतो. माझी सगळी भीती तिथेच आहे.

कारखान्यात माझ्या आत नाजूक पडदा ताणला, वर जाळी बसवली, आणि एका कामगाराने 'हॅलो हॅलो' करून मला पास केलं. पुढे मी गाण्याच्या क्लासात राबलो. तिथे माझं कोण कौतुक! मग नवा माईक आला आणि मी खोक्यात गेलो. वायर तुटली, धूळ बसली, कुणी विचारेना. शेवटी माझ्या आताच्या मालकिणीने, ताईने, मला जुन्या सामानातून उचललं आणि तिच्या मामांनी कथलाचा डाग देऊन माझी वायर जोडली. मला नवा जन्मच मिळाला.

ताई एका फोटो स्टुडिओत फोटो सुधारायचं काम करते. चेहऱ्यावरचे डाग काढायचे, मागचं आकाश बदलायचं. त्यामुळे खोटं चित्र तिच्या डोळ्यांत लगेच खुपतं. सुट्टीच्या दिवशी ती माझ्यासमोर बसून नव्या सिनेमांच्या ट्रेलरबद्दल बोलायची आणि ते इंटरनेटवर टाकायची. मामा तिच्या घरीच राहतात, बाहेरच्या खोलीत शिलाई मशिनी दुरुस्त करतात. एका हिरोवर त्यांचा भारी जीव. त्याच्या चाहत्यांच्या ग्रुपमध्ये मामांच्या शब्दाला मान होता.

त्याच हिरोच्या नव्या सिनेमाचा ट्रेलर आला. त्यात तो कॉम्प्युटरवर बनवलेल्या वाघाला खांद्यावर घेऊन पोहत नदी पार करतो. ताई म्हणाली, हिरोचं काम छान आहे, पण वाघ पाण्यातून बाहेर आला तरी कोरडा ठणठणीत! केसांतून एक थेंब गळत नाही. काम घाईत उरकलंय, करणाऱ्यांना वेळ द्यायला हवा होता. बस्स, एवढंच. मी ते पुढे दिलं.

तासाभरात ताईचा फोन थरथरायला लागला. आधी त्या हिरोच्या चाहत्यांच्या शिव्या आल्या. मग म्हणे, तू करून दाखव वाघ. कुणी लिहिलं, हिने दुसऱ्या हिरोकडून पैसे खाल्लेत. संध्याकाळी एक फोटो आला. तो आमच्या घराच्या दाराचा होता, आणि त्याखाली काहीच लिहिलेलं नव्हतं. मी ताईच्या समोरच होतो, तिचा श्वास मला ऐकू येत होता. मित्रांनो, इतका घाबरलेला श्वास मी कधी ऐकला नव्हता.

ताईची आई म्हणाली, माफी माग आणि मोकळी हो, वाघ ओला असला काय नि कोरडा असला काय, आपल्याला काय करायचंय? ताई नुसती नकारार्थी मान हलवत राहिली. मामांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. ग्रुपमधल्यांना त्यांनीच एकदा घरी चहाला बोलावलं होतं, भाचीचं कौतुक सांगायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रुपमधले चौघे आले. आत शिरल्यावर एकाने आतून कडी लावली. बोलणं अगदी गोड होतं.

"काका, भांडायला नाही आलो आम्ही. हिने फक्त म्हणायचं, माझी चूक झाली, वाघ खराखुरा वाटतो."

त्याने मला ओढून ताईसमोर ठेवलं आणि चालू केलं, बोलणं थेट इंटरनेटवर जाईल असं. माझी तर पाचावर धारण बसली. मला नाही म्हणता येत नाही हो! तिने भीतीने जे म्हटलं असतं, ते मी खणखणीत आवाजात जगाला दिलं असतं, आणि दाराला कडी होती हे कुणाला कळलंही नसतं.

ताईने तोंड उघडलं. तेवढ्यात मामा स्टूल ओढून माझ्यापुढे बसले. आधी मी बोलतो, म्हणाले. चौघे खूश झाले. काका आपलेच.

"मी या हिरोचा जुना चाहता," मामा म्हणाले. "वाघ कोरडाच आहे. मलाही पहिल्यांदा बघतानाच दिसलं होतं, तरी मी ग्रुपवर 'जबरदस्त' लिहिलं. आत्ता माझ्या घरात चार जण बसलेत. त्यांना विचारा, तुम्हाला ओला दिसला का?"

उत्तर द्यायच्या जागी एकाचा हात माझ्यावर पडला, मी फरशीवर आपटलो आणि माझी जाळी चेपली. कडी निघाली. परत येऊ, असं ओरडून ते गेले.

ताईने पोलिसांत तक्रार दिली, पुढे काही कळलं नाही. मामांना ग्रुपमधून काढून टाकलं. इतक्या वर्षांचे सोबती गेले, त्याचं त्यांना फार वाईट वाटतं. रस्त्यावर मोटरसायकल थांबली की घरातली सगळी बोलायची थांबतात. मीही थांबतो.

मित्रांनो, तुम्हाला एखादा हिरो आवडतो ना? खुशाल आवडू दे. पण कुणी म्हणालं की चित्र फसलंय, तर चित्राकडे पुन्हा एकदा नीट बघा. त्या माणसाचं घर शोधू नका.

काल ताई बऱ्याच दिवसांनी माझ्यासमोर बसली. नवा ट्रेलर होता, आणि त्यातला पूर तिला पटला नव्हता. तिने मला चालू केलं, परत बंद केलं.

"मामा, भीती वाटते."

"मलाही वाटते," मामा तिच्या शेजारी येऊन बसत म्हणाले. "बोल तू."