एका जेवणाच्या दोन सुया

ठमीने मला सांगितलं होतं. अगदी स्पष्ट, तोंडातला घास गिळून मग.

"आजीने टोचलं."

"बाहुलीला ना? शहाणी आजी," असं म्हणत मी तिच्या फ्रॉकची कड वर सरकवली, मांडीची चिमूट धरली आणि इन्सुलिनच्या पेनातली तीन युनिटं आत सोडली. दहापर्यंत मोजलं. ती रडली नाही. साडेचार वर्षांची आहे, पण बोलणं सत्तरीचं, म्हणून बापाने नाव ठेवलं ठमाकाकू. ठमाकाकूने सुस्कारा टाकला, "तुमचं आपलं काहीतरीच," आणि पाय हलवत बसली.

गेला आठवडाभर आमच्या घरात बाहुलीला मधुमेह झालेला होता. बाहुलीला, भांड्यांच्या स्पंजला, एकदा तर पिकल्या टोमॅटोलाही सासूबाईंनी टोचून झालं होतं. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत स्कूटर पिटाळत घरी यायचं, ठमीला टोचायचं, परत पळायचं, असं पाच महिने चाललं. मग मालक म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून हे बंद. गिऱ्हाइकं दारात उभी आणि तुम्ही गायब." म्हणून सराव. नवरा जहाजावर, त्याला फोन लागला तर लागला. पाळणाघरवालीने सुईचं नाव ऐकूनच हात जोडले होते. राहिल्या सासूबाई, ज्या स्वतःच्या इंजेक्शनला अजून डोळे मिटून घेतात.

त्या भाताची ताटली घेऊन बाहेर आल्या. चेहरा नुसता उजळलेला.

"तू कशाला धापा टाकत आलीस? मी केलं सगळं! आत्ता, दहा मिनिटं झाली. तीन युनिटं. हात म्हणून थरथरला नाही बघ."

मी फ्रिजकडे पाहिलं. दाराला लटकवलेली वही. आजच्या दुपारची ओळ कोरी.

"आई, लिहिलं का नाही?"

"लिहिणारच होते. म्हटलं, आधी भात वाढते, गार होईल."

मग माझ्या हातातलं पेन त्यांना दिसलं. ताटली त्यांच्या हातातून पडली नाही, एवढंच.

दवाखान्यातल्या सिस्टरना फोन लावला. त्या शांतपणे बोलल्या, त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. "साखर किती आहे आत्ता?"

मी ठमीचं बोट टोचून थेंब मीटरला लावला. "एकशे अठरा."

"जेवण तर द्याच. त्यावर किमान पंचेचाळीस ग्रॅम गोड. ज्यूस, साखरपाणी, मध, काय असेल ते. दर पंधरा मिनिटांनी तपासा. औषधाचा जोर अजून चढायचाय, चार तास नजर हलवू नका. उलटी झाली, गिळेनाशी झाली, तर एक क्षण थांबायचं नाही, इकडे आणायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका."

दवाखाना चाळीस मिनिटांवर. मी तोंडाने "हो, हो" म्हणत राहिले आणि आकडे भाजीच्या पिशवीवर लिहीत राहिले.

भात गेला. अंडं गेलं. ज्यूसचा एक पेला गेला. दुसऱ्या पेल्याला ठमीने तोंड मिटलं.

"पी राणी."

"नको. गोड आहे."

"आज चालतं."

"नाही चालत. गोड प्यायलं की शुगर वाढते आणि मग आई रडते." ती बोट उभं करून मला समजावत होती. "मी तुला फसवून प्यायले तर तू ओरडशील."

मागच्या महिन्यात मी खरंच ओरडले होते. शेजारच्या वाढदिवसाला तिने चोरून केक खाल्ला तेव्हा. इतकं, की आठवडाभर ती प्रत्येक घास मला दाखवून खायची. माझी शिकवण पोरीच्या हाडात मुरली होती, आणि आता मी गुडघ्यांवर बसून तिच्यापुढे पेला धरला होता.

ब्याण्णव. मी विनवण्या केल्या. त्र्याहत्तर. मी धमकी दिली. तिने एक घोट घेतला आणि माझ्या अंगावर फुर्रकन उडवला. एरवी हसले असते.

एकसष्ट.

तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब आले. बडबड थांबली. ठमीची बडबड थांबणं म्हणजे आमच्या घरातलं घड्याळ बंद पडणं. मी पेला दातांवर टेकवून ओतला, अर्धा गळ्यावरून फ्रॉकमध्ये गेला. ती ठसकली. मला वाटलं आता उलटी होणार, सगळंच बाहेर येणार.

मागे सासूबाई भिंतीला टेकून उभ्या. "माझेच हात मोडोत. माझीच बुद्धी..."

"आई, आत्ता रडू नका! कुणी सांगितलं होतं तुम्हाला शहाणपण करायला?"

हे मी बोलले. ज्या बाईने माझ्या नोकरीसाठी आठवडाभर टोमॅटो टोचले, तिला. शब्द परत घ्यायला वेळ नव्हता. मीटरवर चौपन्न आले होते. मी पुन्हा सिस्टरना फोन लावला, दुसऱ्या हाताने ठमीला कुशीत धरलं. ती माझ्याकडे बघत होती, पण मला ओळखत असल्यासारखी नाही.

"गिळतेय का?"

"तोंडच उघडत नाही."

"बोटाने मध लावा, गालाच्या आतून. थोडा थोडा. पाच मिनिटांत हलली नाही तर निघा."

माझ्याने मधाच्या बाटलीचं झाकण निघेना. सासूबाईंनी बाटली ओढून घेतली, फतकल मारून बसल्या, ठमीला मांडीवर घेतलं आणि मधात बुडवलेलं बोट तिच्या गालात घातलं. ठमीने कडकडून चावा घेतला. सासूबाईंनी बोट काढलं नाही. "चाव," म्हणाल्या, "चाव माझ्या बाई, हवं तेवढं चाव." पुन्हा मध. पुन्हा. मी टॅक्सी बोलावली, चपला घातल्या, एक चप्पल उलट्या पायात.

छप्पन्न.

चौसष्ट.

"आजी," ठमी जड जिभेने म्हणाली, "चिकट झालं."

त्यानंतर तिने ज्यूस प्यायला, न सांगता, जसं काही आधी ती नको म्हणालीच नव्हती. खाली टॅक्सीवाल्याने तीनदा हॉर्न वाजवला आणि शिव्या देत निघून गेला. तीन तास आम्ही तिला झोपू दिलं नाही. दर पंधरा मिनिटांनी एक बोट. शेवटी ती स्वतःच विचारायला लागली, "आता कुठलं उरलंय?"

दुकानात मी फोन केलाच नाही. मालकांचे सहा आले होते.

पाच वाजता मीटरवर तीनशे बारा. साखर खाली जाऊ नये म्हणून जे ओतलं ते सगळं आता आकड्यात वर आलं होतं. म्हणजे पुन्हा सुई. सिस्टर म्हणाल्या, एकच युनिट, वर नाही. मी पेन हातात घेतलं, एकचा आकडा लावला, परत शून्यावर आणला. मी ते ओट्यावर ठेवून दिलं.

सासूबाई भांडी घासत होत्या. चावलेल्या बोटाला चिंधी गुंडाळलेली.

"आई."

"मी नाही आता हात लावणार त्याला. मला सांगूच नकोस."

"उद्या नऊला मला जायचंय. ठेवलं कामावर तर."

त्या घासत राहिल्या. एकच पातेलं, कितीतरी वेळ.

"आणि पुन्हा चुकले तर? ओरडशील?"

खोटं बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं. "ओरडेन."

नळ बंद झाला. त्यांनी हात पदराला पुसले, मग साबण लावून पुन्हा धुतले, आणि ओट्यावरचं पेन उचलून, आकडा फिरवून माझ्या डोळ्यांपुढे धरलं.

"एक आहे का बघ. मोठ्याने वाच."

"एक," मी म्हणाले.