पायडलावरची जागा

मी एक जुने शिवणयंत्र आहे, मित्रांनो, आणि मुळीच नम्र नाही. म्हैसूरला बन्नीमंटपाच्या रस्त्यावर भुजंगराव शिंप्यांच्या दुकानात बसून मी दसऱ्याच्या संचलनाचे कितीतरी गणवेश शिवले आहेत. मालकांच्या वडिलांनी मला आणले तेव्हा गिऱ्हाइके माझी सोनेरी वेलबुट्टी पाहायला थांबत. राज्याचे नाव कर्नाटक झाले त्याच वर्षी दुकानात कुत्र्याचे एक काळे पिल्लू शिरले, आणि माझे सारे कौतुक त्याच्या मागे शेपटी हलवत निघून गेले.

त्याचे नाव करिया. मालकांनी गोणपाट अंथरून दिले तरी झोपायला त्याला माझे पायडलच हवे असे. मालक खुर्चीवर बसले की आधी त्याच्या कुशीला हलकेच पाऊल लावत आणि म्हणत, "एळो राजा, ऊठ. पोटाचं बघायचं की नाही?" तो जांभई देऊन सरके, मग माझी पाळी. आयुधपूजेला हत्यारांना गंधफूल वाहतात. वर्षातला तो माझा एकमेव मानाचा दिवस. त्या दिवशीही मालक माझ्या हारातली अर्धी शेवंती काढून त्याच्या गळ्यात बांधत. मी ते कधी विसरले नाही.

मग करियाला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे पडले, पोटात पाणीही ठरेना. मालक त्याला खांद्यावर घालून जनावरांच्या दवाखान्यात नेत. परतल्यावर माझ्याकडे पाहतही नसत. श्रावण सरता सरता तो गेला. जागा माझी झाली, असे मला वाटले.

पण मालक शिवायला बसेनात. कापडे तशीच पडून राहिली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीदेवी म्हणाल्या, "अहो, ते मशीन तरी विकून टाका. त्याच्याकडे बघून सुम्मने, उगाचच रडत बसताय." म्हणजे मेला तो, आणि भंगारात निघाले मी.

शेजारचे सदाशिवराव, बरेच शिकलेले गृहस्थ, सांत्वनाला आले. "कुत्रंच ना हो ते? बोगादीला मेव्हण्याकडे पिल्लं झालीत. उद्या एक आणून देतो. साकु? पुरे ना तेवढं?"

माझा पट्टा तुटला की दुसरा चढवतात, सुई मोडली की नवी लावतात. करियाचा माझ्याइतका हेवा कोणी केला नसेल. पण तो सुटा भाग आहे, असे मलाही कधी वाटले नव्हते. त्यासाठी बहुधा फार शिकावे लागते.

आयुधपूजेला मालकांनी मला पुसले. चाकाच्या आसात तेलाने चिकटलेले काळे केस निघाले. ते चिमटीत धरून मालक बराच वेळ बसले. मग त्यांनी मला हार घातला. अखंड हार. इतकी वर्षे मला हवा असलेला. तो फार जड होता.

विजयादशमीला ते खुर्चीवर बसले. सवयीने पाऊल पुढे गेले. "एळो रा..."

"कोणाला उठवताय?" लक्ष्मीदेवींनी आतून विचारले.

"कोणाला नाही गं." मग पाऊल मागे घेत, "त्याचं गोणपाट कुठाय? कड उसवलीय त्याची."

इतक्या दिवसांनी माझी पहिली शिवण, आणि तीही त्याचीच. मनात आणले असते तर त्या जाड तागावर सुई सहज मोडता आली असती. मी एकही टाका सोडला नाही.

आजही मालक रिकाम्या पायडलावर आधी हलकेच पाऊल सारतात, काहीतरी पुटपुटतात. मित्रांनो, यंत्रांना तेल द्या, त्यांच्यावर झाकण घाला. आणि कोणी रिकाम्या जागेशी बोलत असेल, तर त्याचे बोलून होईपर्यंत थांबा. मी थांबते. माझी पाळी अजूनही त्यानंतरच येते.