डोळ्यांचे थेंब आणि कपांचा नाद

मी एक जुनी, बोटभर उंचीची औषधाची बाटली आहे. मित्रांनो, माझ्या तळाशी आता औषधाचा नुसता ओलावा उरला आहे. तो कुणाच्याच कामाचा नाही, तरी या घरात मला कुणी टाकून देत नाही. का, तेच सांगते.

एका लख्ख पांढऱ्या खोलीत माझा जन्म झाला. तोंड-नाक झाकलेल्या बायकांनी माझ्यात जंतू मारणारे औषध भरले आणि माझ्या अंगावर छापले, 'फक्त डोळ्यांसाठी'. त्या दोन शब्दांचा मला फार अभिमान होता.

मी या घरात आले ती इथल्या सुनेच्या सासऱ्यांचे डोळे आले म्हणून. सासूबाई नेमाच्या पक्क्या. सकाळची प्रार्थना झाली की स्वतः पाण्याचा घोट घेण्याआधी त्या मला हातात घेत. "अहो, वर बघा. वर म्हणजे छताकडे, माझ्याकडे नाही." सासरे हसायचे आणि थेंब गालावर ओघळायचा. बघता बघता त्यांचे डोळे निवळले. "देवानंतर हीच," असे म्हणून सासूबाईंनी मला कपाळाला लावले. मग मी कपाटात गेले. "उरलंय ते राहू दे. लागेल कधी." टोपण उघडल्यानंतर माझे आयुष्य फार थोडे असते, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

या घरची सून कपबश्यांच्या कारखान्यात होती. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप लाकडी काडीने टिचकवायचा आणि नाद ऐकायचा, हे तिचे काम. अख्खा कप टणकन वाजतो. केसाएवढीही चीर असली तर आवाज बसका येतो. तिचा डावा कान लहानपणापासूनच अधू होता, पण उजवा असा तयार, की कारखान्यात तिला 'कानवाली' म्हणत.

तो उजवा कान दुखायला लागला. ठणका एवढा, की तिला घास चावता येईना. ती डॉक्टरांकडे निघालीच होती, तेवढ्यात नवऱ्याला आठवले. मागच्या साली पोहून आल्यावर त्याचा कान सुजला होता आणि डॉक्टरांनी अगदी माझ्यासारखेच डोळ्यांचे थेंब कानात घालायला दिले होते.

"तेव्हा मी म्हटलं होतं, आता मला कानाने दिसायला लागणार का?" तो म्हणाला.

"दिसलं असतं तर बरंच झालं असतं," सासूबाई म्हणाल्या, "निदान घरातली कामं तरी दिसली असती. पण गुण आला होता, हे खरं."

मित्रांनो, डॉक्टरांचे तेव्हाचे वाक्य मोठे होते. आत दिवा धरून त्यांनी कान तपासला होता आणि मग सांगितले होते, "पडदा शाबूत आहे, म्हणून हे थेंब चालतील." नवऱ्याने त्यातले 'हे थेंब चालतील' एवढेच घरी आणले. बाकीचे वाक्य दवाखान्यातच राहिले.

सासूबाईंनी मला कपाटातून काढले. सुनेचे डोके मांडीवर घेतले, बाटली तळहातात कोमट केली, देवाचे नाव घेतले आणि थेंब सोडले. दुसऱ्या दिवशी उशीवर पू आणि पाण्याचा डाग होता, पण ठणका गेला होता.

"बघ, घाण बाहेर पडली. म्हटलं नव्हतं?"

सगळ्यांनी मला नावाजले. खरे तर आतल्या दाबाने पडदा फाटला होता, म्हणून दुखायचे थांबले होते. माझी वाट आता पडद्यापाशी संपत नव्हती. भोकातून मी पार आत उतरत होते, जिथे ऐकण्याची नाजूक नस असते. माझ्यातले औषध त्या नसेला सोसत नाही. हे मला कळत होते, पण बाटलीला वाचा कुठली?

सासूबाईंनी नेम मोडला नाही. दुपारचे थेंब चुकू नयेत म्हणून मला सुनेच्या कामाच्या झग्याच्या खिशात घालून पाठवू लागल्या. म्हणून मी ते पाहिले. तिने कप टिचकवला आणि थांबली. पुन्हा टिचकवला. शेजारच्या बाईला म्हणाली, "आजचा माल काही वाजत नाही बघ." शेजारचीने तोच कप घेऊन वाजवला आणि चांगल्या कपांच्या ओळीत ठेवला. तो छान वाजत होता.

पुढे तिच्या हातून चिरलेले कप सुटू लागले. चालताना तिचा तोल जाऊ लागला, कानात सतत शिट्टी वाजू लागली. मग ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी आत दिवा धरला आणि मला उलटसुलट करून पाहिले. ते रागावले नाहीत. "पडदा कदाचित भरून येईल," ते मोठ्याने, सावकाश म्हणाले. "नसेचं मात्र माझ्या हातात काही नाही."

आता ती कारखान्यात खोक्यांना दोरी बांधते. सासूबाईंची प्रार्थना अजून रोज होते, पण त्या देवाकडे काही मागत नाहीत. नुसत्या हात जोडून बसतात आणि समोरच्या फळीवर मी असते. एवढ्या मायेने, एवढ्या नेमाने केलेली सेवा अशी कशी फिरली, हे त्या मला विचारतात.

मित्रांनो, एकाच्या दुखण्यातून उरलेले औषध दुसऱ्यासाठी जपून ठेवू नका. कान दुखला तर आधी आत कुणाला तरी बघू द्या. डॉक्टर बोलतील ते पुरते ऐका आणि पुरतेच घरी आणा.

परवा सुनेने फळीवरचा, कारखान्यातून आणलेला एक कप घेतला, उजव्या कानाशी धरला आणि काडीने टिचकवला. दारात उभ्या सासूबाईंनी जरा मोठ्याने विचारले, "येतो का गं आवाज?"

"येतो, आई. छान वाजतोय."

सासूबाईंनी मान हलवली आणि त्या आत गेल्या. त्यांनी आवाज ऐकला होता, बसका. कप चिरलेला होता.