अस्सल संगमरवराचा ओटा

भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकाशी लग्न केलेल्या बाईने घरात दगड घेऊ नये. हे मला खरवईच्या नव्या फ्लॅटमध्ये ओटा घालताना कळलं.

त्याआधी तेरा वर्षं हेंद्रेपाड्याच्या एका खोलीत मी स्टोव्हपुढे बसून स्वयंपाक केला. म्हणून उभ्याने रांधायचा ओटा माझ्या पसंतीचा हवा, एवढाच माझा हट्ट होता. एकोणनव्वद साली आम्ही उल्हासनगरला दगडाच्या दुकानात गेलो. मला एक करडी-पांढरी लादी आवडली. ह्यांनी खिशातून ॲसिडची बाटली काढून तिच्यावर थेंब टाकला. काही झालं नाही.

"हा मार्बल नाहीच. क्वार्टझाइट आहे."

"साब, पॉलिश लेता है ना? तो मार्बल!" दुकानाचे सिंधी शेठ म्हणाले.

झालं! ह्यांचा तास सुरू. जमिनीखाली उष्णता आणि दाब मिळाला की खडक रूप बदलतो. चुनखडीचा संगमरवर होतो, वाळूच्या खडकाचा क्वार्टझाइट, चिखलाच्या खडकाचा पाटीचा दगड. पाटीला पापुद्रे सुटतात, बाकीच्या दोघांना नाही. शेठ जांभया देत होते, मी पदराने वारा घेत होते. अखेर शेजारच्या पांढऱ्याशुभ्र लादीवर थेंब फसफसला. "हा अस्सल!" म्हणून तीच घेतली. माझं कोण ऐकतंय?

पहिल्याच आठवड्यात ओट्यावर लिंबू पिळलं. पुसलं, तर तिथे निस्तेज, खरबरीत डाग. मग कोकमाचा, मग चिंचेचा.

"अगं मालिनी, लिंबू म्हणजे आम्लच. ते संगमरवराला खाणारच."

"आणि तो क्वार्टझाइट?"

"त्याला काही झालं नसतं."

इतक्या शांतपणे म्हणाले! माझा नुसता संताप संताप झाला. वर सूचना मिळाली, की आंबट काही असेल तेव्हा ओट्यावर वर्तमानपत्र घालत जा.

दोन महिने घातलं. पाहुणे आले की कागद काढा, गेले की घाला. स्वतःच्याच ओट्याला मी बिचकून वागत होते. मग एका दुपारी दोन डझन लिंबं आणली, चिरली आणि फोडीमागून फोड घेऊन तो अस्सल संगमरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत घासून काढला. चकाकी गेली. तरी मी घासतच होते.

संध्याकाळी ह्यांनी ओट्यावरून हात फिरवला. "पॉलिश गेलं सगळं."

"गेलं. आता इथे मी स्वयंपाक करणार आहे," मी म्हणाले, आणि तिथेच उभी राहून चिंच कोळली.