घरच्यांची संमती

"पोट उघडताच आहात, तर नळ्याही बांधून टाका," टेबलावर पडल्यापडल्या बुरुल म्हणाली. "तीन पोरी आहेत, ही चौथी. बास झालं."

डॉक्टरांनी मास्क सारखा केला. "महामारीत ठरवून करायच्या शस्त्रक्रिया बंद आहेत. शिवाय नवऱ्याची संमती हवी."

नवरा, मेदेर, मॉस्कोत कामाला गेलेला, तिथेच अडकलेला. त्याचा फोन लागेना, म्हणून नर्सने घरी लावला. सासू, सैकालआपा, एवढ्या जोरात ओरडली की सगळ्यांना ऐकू आलं.

"नातू झाल्याशिवाय सुनेला कुलूप लावाल तर बघा!"

"ऐकलंस ना?" डॉक्टर म्हणाले. चौथी मुलगी बाहेर आली आणि पोट शिवलं गेलं.

पुढे बुरुल नळ्या बांधून घ्यायला ओश शहरातल्या इस्पितळात खेटे घालून आली. कधी वॉर्ड निमोनियाच्या रुग्णांनी भरलेला, कधी दारच बंद. मग सीमा उघडल्या, मेदेर घरी आला आणि तिला पुन्हा दिवस गेले.

दिवस भरायच्या आतच जुना टाका आतून उसवला. मुलगा वाचला, तीही कशीबशी वाचली. सकाळी तेच डॉक्टर उशाशी आले. "नळ्या बांधल्यात, पोरी. बांधायलाच हव्या होत्या."

"घरच्यांना विचारलंत?"

डॉक्टरांनी तिच्या कागदावर सही केली आणि ते पुढच्या खाटेकडे वळले.

सैकालआपाने मेंढी कापून गावजेवण घातलं. बुरुल पाहुण्यांना चहा देत होती. बाळाचा चाळिसावा दिवस उरकला, तसं तिने ते सासूच्या मांडीवर ठेवलं आणि पिशवी उचलली.

"कुठे निघालीस गं?"

"मॉस्कोला. शिलाईच्या कारखान्यात. यंदा तुमचा लेक घरी राहील."

"अगं, दूधपितं पोर आहे!"

"तुम्ही मागितलंत, आपा. तुम्हीच वाढवा."

दारात मेदेर आडवा आला. "माझं काय चुकलं? चौथीच्या वेळी मला तर कुणी विचारलंही नाही!"

"माझंही कुणी ऐकलं नाही," ती म्हणाली आणि उंबरा ओलांडून गेली.

मॉस्कोत पहिल्याच आठवड्यात सासूचा फोन आला. आवाज रडवेला. "बाटली तोंडात धरत नाही गं! काय करू?"

"मुलगाच ना? हट्टी असायचाच."

हे वाक्य तिने किती दिवस मनात घोळवलं होतं. पण फोनमधून बाळाचं रडणं आलं आणि तिची छाती भिजली. ती मोरीत धावली, कडी लावली, सदरा वर करून दूध पिळू लागली. पांढऱ्या बेसिनमध्ये ते दिसतसुद्धा नव्हतं.

"झालं का गं?" बाहेरून कुणीतरी दार वाजवलं.

"झालं," बुरुल म्हणाली आणि तिने नळ सोडला.