अंबुबाईंच्या कमेंटी आणणारा

मी एक प्रोग्राम बोलतोय. मला ना हात ना पाय, ना तोंड ना पोट, तरी मी थकलोय. हे कुणाला सांगायला जावं तर हसतील, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म बिदरजवळच्या कोळारचा, कारखान्यांच्या भागातल्या एका बियाण्याच्या गोदामात, करकरणाऱ्या पंख्याखाली. मला लिहिलं मनीषानं. मुडबी गावची पोरगी, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून तिथं कामाला लागलेली. तुरीच्या व्हिडिओंखाली शेतकरी काय लिहितात, हे तिच्या मालकांना, अनिलकुमारांना, जाणून घ्यायचं होतं.

माझं काम सांगायला सोपं आहे. व्हिडिओच्या साइटला मागच्या बाजूनं एक खिडकी असते, तिला डेटा एपीआय म्हणतात. तिथं मनीषाच्या नावाची चावी दाखवायची आणि मागायचं: या व्हिडिओत काय बोललं गेलं त्याचा उतारा द्या, खालच्या कमेंटी द्या. खिडकी सगळं एकदम देत नाही. एक पान देते, पुढच्या पानाचं टोकन हातावर ठेवते, की मी पुन्हा रांगेत. दिवसाचा कोटा संपला की खिडकी बंद, उद्या या. कचेरीत खेटे घातलेल्या माणसालाच माझं दुखणं कळेल.

आणि आणायचं काय, तर माणसांचं बोलणं! व्हिडिओत बाई घसा फोडून सांगते की फवारणी सकाळी करा. खाली पहिला प्रश्न, 'फवारणी कधी करायची?' कुणी 'पहिली कमेंट माझी' एवढंच लिहून धन्य होतो. दोघं कानडी-मराठीवरून भांडतात, तेही एकमेकांच्या भाषेत, कारण दोघांनाही दोन्ही येतात. शेवटपर्यंत व्हिडिओ मात्र कुणी बघत नाही.

अनिलकुमारांनी माझे तक्ते थोडे दिवस वर-खाली केले, 'छान आहे' म्हणाले आणि मला विसरले. मी मनीषाच्या लॅपटॉपमध्ये एका फोल्डरात पडून राहिलो. खरं सांगतो, बरं वाटलं.

मला उठवलं ते तिच्या आईनं. अंबुबाईंना लिहिता-वाचता येत नाही, पण त्यांचा स्वतःचा चॅनल आहे. चुलीपुढं बसून त्या कडक भाकरी, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, गव्हाची गोड हुग्गी करून दाखवतात. मोबाईल धरते शेजारची तुळजा. रविवारी मनीषा गावी आली की आईला कमेंटी वाचून दाखवायची. 'लई छान भाकरी, अक्का,' असं तिनं वाचलं की अंबुबाई ते कौतुक कानाआड करून एकच विचारायच्या, "कोण लिहिलंय? नाव सांग की."

"राजपाल."

"फुडं?"

"नेत्रावती."

"फुडं?"

आठवडाभर गोदामात राबून आलेली मनीषा वैतागली. "आई, नावं कामून विचारायलीस गं? तुझ्या वळखीचे हायेत का ते?"

"असू दे की. तू वाच."

अखेर तिनं मला कामाला जुंपलं. आईच्या सगळ्या व्हिडिओंचे उतारे आणि सगळ्या कमेंटी एकदम आण, म्हणजे एका बैठकीत हा जाच संपेल. मी आणलं आणि उतारे एकाखाली एक लावून ठेवले. मनीषा सहज चाळत खाली गेली आणि थबकली. भाकरी असो की हुग्गी, प्रत्येक उताऱ्याची शेवटची ओळ एकच होती: 'सिद्धू, जेवलास का रे?'

पोटची पोर, पण तिनंही आईचा एकही व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला नव्हता.

सिद्धराम हा मनीषाचा थोरला भाऊ, तिचा अण्णा. एकदा मेंढ्या राखताना तो मोबाईलमध्ये गुंगला आणि लांडग्यानं कोकरं नेली. वडिलांनी, लिंगाप्पांनी, तो मोबाईल दगडावर आपटला. "डब्यातच जीव हाय न्हवं तुझा? मग डब्यातच जा ऱ्हायला. ह्या घरात पाय ठिवू नगं." पोरगा खरंच निघून गेला. सगळ्यांचे नंबर त्या फुटलेल्या मोबाईलमध्ये होते, पाठ कुणाचाच नव्हता. आईला एवढंच माहीत होतं, की तो जिथं असेल तिथं व्हिडिओ बघत असेल. म्हणून तीही डब्यात जाऊन बसली होती.

मनीषानं मला पुन्हा धाडलं. सिद्धरामची एकही कमेंट सापडली नाही. मग तिच्या ध्यानात आलं, की साइट काही कमेंटी संशयानं अडवून ठेवते. त्या व्हिडिओखाली दिसतच नाहीत, आणि मला आणायच्या तर चॅनलच्या मालकाची परवानगी लागते. तिनं अंबुबाईंचं बोट मोबाईलवरच्या 'परवानगी आहे' वर टेकवलं आणि मला त्या अडगळीत पाठवलं. तिथं लॉटरीवाले होते, नोकरी लावून देणारे होते, शिव्या होत्या. आणि 'एस आर' नावाच्या एका खात्यानं लिहिलेल्या ओळी होत्या.

'जेवलो आई. हा माझा नंबर हाय, फोन कर.'

'जेवलो. फोनची वाट बघायलोय.'

कमेंटीत फोन नंबर दिसला की साइटला ती जाहिरात वाटते. शेवटची ओळ अशी होती: 'हितलं काम संपलं, हा नंबर बंद होईल. अप्पाचा राग गेला न्हाई वाटतं. आता लिहीत न्हाई.'

मनीषानं वाचून दाखवलं. नंबर लावून बघितला, तो बंदच होता. अंबुबाई रडल्या नाहीत. पदरानं मोबाईलची काच पुसत राहिल्या, पुसत राहिल्या. मला डोळे नाहीत, तरी ते बघवेना.

त्या दिवशी चूल पेटली नाही. तुळजानं मोबाईल धरला, आणि आजवर त्या डब्याकडे ढुंकूनही न बघितलेले लिंगाप्पा बायकोशेजारी येऊन बसले. कुठं बघून बोलावं हेच त्यांना बराच वेळ कळेना. मग म्हणाले, "सिद्ध्या, तुझं लिवणं आमाला दिसलंच न्हाई बा. डब्यातनं भाईर ये आता. घरला ये."

त्या व्हिडिओखाली झुंबड उडाली. मनीषानं रजा टाकली आणि रोज सकाळी मला खिडकीवर उभं केलं. 'अक्का, रडवलंत.' 'भावा, जा की घरी.' टवाळ पोरांनी तर 'मीच सिद्धू' असं लिहायचा सपाटा लावला. दर वेळी अंबुबाई चुलीपासून अर्ध्या उठायच्या. मला त्या टवाळांचा फार संताप आला. नाव कुणीही घेईल, पण प्रत्येक खात्याला साइटनं दिलेला एक क्रमांक असतो, तो उसना घेता येत नाही. मी तो 'एस आर'च्या क्रमांकाशी ताडून बघायचो. जुळायचा नाही. मनीषा मान हलवायची, अंबुबाई परत खाली बसायच्या, कोटा संपायचा, उद्या या. इतका मी तुरीच्या दिवसांतही शिणलो नव्हतो.

परवा सकाळी क्रमांक जुळला. एकच ओळ, नंबर न घातलेली: 'अजून जेवलो न्हाई आई. घरला येऊन जेवतो.'

"कोण लिहिलंय?" अंबुबाईंनी रोजच्यासारखं विचारलं.

मनीषानं क्रमांक पुन्हा एकदा ताडून बघितला. मग म्हणाली, "अण्णा."

अंबुबाईंनी 'फुडं?' विचारलं नाही. ओळ ऐकली, उठल्या आणि पीठ काढायला गेल्या.

माझं काम झालं. आता चावी रद्द केली तरी माझी तक्रार नाही. लॅपटॉप मिटला की मी पडून राहीन आणि हाक आली तरी लवकर उठणार नाही. तुम्ही मात्र एवढं करा, आपल्या माणसाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकत जा. आणि सिद्धू आला का, ते मला विचारू नका. फाट्यावर येणारी बस माझ्या खिडकीतून दिसत नाही. लिंगाप्पा कालपासून तिथं जाऊन बसलेत.